साहेबांचे शर्ट

माझ्या लेकीने मला फसवलं. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण ही पोटची पोर, हिला कात्री धरायला मी शिकवलं.

मी शर्ट बेतते. चाळीस वर्षं हेच करतेय. गल्लीच्या तोंडाशी आमचं दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. गिऱ्हाईक दारातून आत आलं की कुठला खांदा उतरता आहे ते मला टेप न लावता कळतं. अलीकडे थोडं विसरायला होतं, ते मी नाकारत नाही. चष्मा फ्रिजमध्ये सापडला, एकच गोष्ट चारदा विचारली, शेजारणीचं नाव ओठावर येऊन परत गेलं. मग लेकीने दुकान हातात घेतलं आणि मला म्हणाली, "आई, गिऱ्हाइकांचं मी बघते. तू फक्त साहेबांचे शर्ट बेत. ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

हे साहेब कुठल्याशा बँकेतले. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. डावा खांदा अर्धा इंच उतरता, उजवा हात किंचित लांब. रोज सकाळी लेक टेबलावर कापड पसरते, शेजारी मापाची चिठ्ठी ठेवते, मी बेतते, संध्याकाळी ती घेऊन जाते. "साहेब म्हणाले, असा खांदा आजवर कुणी बसवला नाही," हा निरोपही तीच आणते. एवढे शर्ट घालून हा माणूस जातो तरी कुठे, असं एकदा मनात आलं होतं. पण या वयात कुणी आपलं काम नावाजलं की दोन घास जास्त जातात, म्हणून विचारलं नाही.

आज दुपारी ती बटणं आणायला गेली. मला खडू सापडेना, म्हणून मी मशीनखालची पेटी ओढली. आत साहेबांचे शर्ट होते. शर्ट कसले, नुसते कापलेले तुकडे. सुतळीने बांधलेली पुडकी, प्रत्येकावर माझ्या अक्षरात तारीख. एकाही तुकड्याला सुई लागलेली नव्हती.

माझं टाळकंच सरकलं. सगळी पुडकी मी टेबलावर तारखेप्रमाणे मांडली. पहिल्या काही दिवसांची कापणी अशी, की नवशिक्याने समोर ठेवून शिकावं. मग एकात दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघाल्या. पुढे एकात पाठ दोनदा कापलेली आणि कॉलरचा पत्ताच नाही. एकाचा काखेतला मुंढा इतका खोल, की हात वर केल्यावर साहेबांची बरगडी न् बरगडी मोजता आली असती. नंतर नंतर खडूची रेघ एकीकडे आणि कात्री भलतीकडे. गेल्या आठवड्यातल्या एका पुडक्यात फक्त पट्ट्या होत्या, सरळ, एकसारख्या रुंदीच्या. त्यावर मी लिहिलं होतं, 'शर्ट तयार'.

लेक आली आणि टेबल बघून दारातच थबकली.

"कोण गं हे साहेब?" मी विचारलं.

"कुणी नाहीत."

"आणि ते खांद्याचं कौतुक?"

"ते मीच रचलं." तिने बटणांची पुडी खाली ठेवली. "आई, जरा बस ना."

"बसत नाही. आईला मूर्खात काढताना लाज नाही वाटली?"

"मग काय करू? गिऱ्हाइकांचं कापड देऊ तुला?" तिचाही आवाज चढला. "डॉक्टर म्हणाले, हा आजार नवीन गोष्टी आधी पुसतो. सकाळचं जेवण, कालचा पाहुणा. जुनं मागाहून जातं. हातात मुरलेलं तर फार उशिरा. हात चालू असले की बाई शांत राहतील, म्हणाले."

"हे बघ, हातातलंही गेलं!" मी पट्ट्या तिच्या अंगावर भिरकावल्या. "तू रोज बघत होतीस आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस."

"बोलले होते."

"कधी?"

"चारदा. त्यात दोनदा डॉक्टरांच्या समोर. आजच्यासारखा बरा दिवस असला की तुला सगळं समजतं. ही पेटीही तुला आधी सापडली आहे, आई. अशीच मांडली होतीस. अशीच चिडलीस."

"खोटारडी!"

तिने मधलं एक पुडकं सोडलं आणि पाठीचा तुकडा उलटा करून माझ्यापुढे धरला. त्यावर पेन्सिलीने, दाबून दाबून, माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'हे काम खोटं आहे. पोरगी फसवते. उद्यापासून कात्री धरायची नाही.'

त्याच्या शेजारच्या पुडक्यावर दुसऱ्याच दिवसाची तारीख होती.

"दुसऱ्या दिवशी मी काय केलं?" मी विचारलं.

"उठलीस, चहा घेतलास आणि म्हणालीस, साहेबांचं कापड आलं का?"

"द्यायचं नव्हतंस."

"नव्हतंच दिलं. दुपारपर्यंत दाराशी उभी होतीस. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतीस, पोरीने मला कामावरून काढलं. मग दिलं."

मला रडू आलं नाही, संताप आला. तो काढायचा कुणावर? हिने मला बनवलं, हे खरंच आहे. पण पेन्सिलीने ती ओळ लिहिणारी बाई मीच, आणि रात्र सरताच तिला तोंडघशी पाडणारीही मीच. लेकीवर भरवसा राहिला नाही, डोक्यावर राहिला नाही, आणि आता या हातांवरही नाही.

लेक पुडकी पुन्हा बांधते आहे. मी तिच्याकडे पाठ करून बसले आहे. तिने चहा आणून ठेवला, मी त्याला शिवले नाही. तिने माफी मागितली, मी नाही म्हटलं. तोंडावर सांगितलं, जन्मात करणार नाही.

पण हा राग आजचा आहे, नवा कोरा. म्हणजे आधी हाच जाणार. उद्या सकाळी मी हिच्याशी हसून बोलेन, कापड मागेन. हिला मी माफ करून टाकलेलं असेल, आणि मला कुणी विचारलेलंही नसेल.