शनिवारचा दिवा

"हलू नकोस गं."

"आय ॲम नॉट मूव्हिंग, बाबा."

प्रल्हाद गॅरेजच्या गार फरशीवर आडवा होऊन, डोकं पॅसेंजर सीटखाली खुपसून मल्टिमीटर बघत होता. सीटच्या सेन्सरमधून दीड व्होल्ट. तो स्वतः बसला तेव्हा तीनच्या वर आले होते. बायको मृणालिनी बसली तेव्हाही जवळपास तेवढेच. पंधरा वर्षांची केया बसली की आकडा खाली यायचा आणि डॅशबोर्डवर पिवळी अक्षरं पेटायची: पॅसेंजर एअरबॅग ऑफ.

सीटवर लहान मूल आहे असं वाटलं की गाडी एअरबॅग बंद करते, कारण अपघातात त्या फुग्याचा दणकाच मुलाचा जीव घेऊ शकतो. ट्रॉय शहरातल्या ज्या कंपनीत प्रल्हाद सीटचं वायरिंग तपासायचा, तिथे हे त्याने शंभर नवख्यांना शिकवलं होतं.

केया त्या अक्षरांकडे टक लावून बघत होती. "कॅन आय गो?"

"जा. तू बसलीस की हिला काय होतं कोण जाणे."

स्वेटशर्टची बाही बोटांवर ओढत ती घरात गेली.

प्रल्हादच्या वहीतून:

शनि. ७ ऑक्टो. २००६. केया. मंडळाची दिवाळी प्रॅक्टिस. दिवा लागला.
सोम. ९. केया. शाळा. नाही.
मंगळ. १०. केया. शाळा. नाही.
शनि. १४. केया. प्रॅक्टिस. लागला. थंडीमुळे?
सोम. १६. केया. शाळा. नाही. (थंडी शनिवारपेक्षा जास्त!)
शनि. २१. केया. मंडळाचा कार्यक्रम. लागला.

ऑफिसातल्या गिरीशने परवा ही वही वाचली आणि तो खो खो हसत सुटला. "यार, तुझी गाडी युनियनची मेंबर दिसतेय. वीकेंडला काम बंद!"

आणि काल, कार्यक्रमात, बायकांनी केयाला घेरलं होतं. "काय फिगर केलीयस गं! आम्हालाही सांग की काय खातेस." मृणालिनीचा चेहरा फुलला होता. प्रल्हादचाही, खोटं कशाला बोला.

बॅटरी: बारा पॉइंट सहा व्होल्ट.
सेन्सरचा पुरवठा: पाच.
अर्थिंग: ठीक.
कनेक्टर: काढला, पुसला, लावला. ठीक.

वायर हलवून पाहिली, मुरगाळून पाहिली. आकडा ढिम्म.

"अहो, जेवायला येताय, की ताट तिकडेच गाडीखाली सरकवू?" स्वयंपाकघरातून मृणालिनी.

"आलो, आलो. शेवटची टेस्ट."

ऑफिसात मोजून केलेली वजनं असतात, घरी कुठली? पण बेसमेंटमध्ये दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला तांदूळ होता, वीस-वीस पौंडांच्या पिशव्या. त्याने एकेक आणून सीटवर रचली. तीन. दिवा लागलेला. चार. लागलेलाच. पाचवी ठेवली आणि दिवा विझला. पाचवी उचलली, लागला. ठेवली, विझला.

सात वेळा केलं. सातही वेळा सेन्सर खरं बोलला.

म्हणजे केया शंभर पौंडांच्या आत. गेल्या वर्षी शाळेच्या फॉर्मवर त्याने स्वतःच्या हाताने तिचं वजन एकशे बावीस लिहिलं होतं.

मग शाळेच्या दिवशी दिवा का नाही? तो पायरीवर बसून वही पुन्हा वाचू लागला. तापमान लिहिलं होतं, शाळा लिहिली होती. मांडीवरचं दप्तर लिहिलं नव्हतं. "टाक की मागे ती धोंड," असं तो रोज म्हणायचा, आणि ती रोज ते पोटाशी धरून बसायची.

दप्तर दाराशीच पडलं होतं. त्याने चार पिशव्यांवर ते ठेवलं.

दिवा विझला.

"इट वर्क्स," मागून आवाज आला. केया दारात उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"सप्टेंबरपासून." ती सीटवरच्या तांदळाकडे बघत राहिली. "फर्स्ट टाइम लागला ना, आय वॉज सो हॅपी, बाबा. मग भीती वाटली, तुला कळेल म्हणून."

"अगं, पण डबा... आई रोज रिकामा डबा घासते."

तिने बाही पुन्हा बोटांवर ओढली.

"मिळाला का हो फॉल्ट?" आतून मृणालिनीने विचारलं.

केयाने त्याचं मनगट धरलं. "प्लीज. से इट्स द सेन्सर. तू सांगितलंस तर आई ऐकेल."

सेन्सरला फसवणं अवघड नव्हतं. वायरमध्ये चार सेंटांचा रेझिस्टर, दहा मिनिटांचं काम. पुन्हा कधी दिवा लागला नसता. आणि एखाद्या दिवशी बर्फात गाडी घसरली असती, तर तो फुगा पूर्ण जोराने तिच्या छातीवर उघडला असता.

"सेन्सर चांगलाय!" प्रल्हादचा आवाज चिरकला. "मृणाल, तू बाहेर ये."

केयाने मनगट सोडलं.

"आय ट्रस्टेड यू," ती म्हणाली. मोठ्याने नाही.

सोमवारी सकाळी डॉक्टरांकडे जायला निघताना त्याने मागचं दार उघडून धरलं.

"आय ॲम फिफ्टीन, बाबा."

"हो."

ती बसली. मृणालिनी पुढे बसली, खिडकीकडे तोंड करून. "मी सगळ्यांना तिचे फोटो पाठवले हो," ती म्हणाली. रात्रीपासून ती एवढंच म्हणत होती.

गाडी बाहेर काढल्यावर प्रल्हादने मधला आरसा खाली वळवला. मागचा रस्ता त्यातून निघून गेला आणि केया आली, काचेला कपाळ टेकवून, डोळे मिटलेली.

बिग बीव्हर रोडच्या सिग्नलला मागच्या गाडीने हॉर्न दिला. मग तिच्या मागच्या गाडीने. हिरवा कधीचा लागला होता.