खोटी झोप

“थांबव, थांबव! इथंच थांबव!” रघुनाथ ओरडला, तसं लखनने बटण दाबलं आणि टीव्हीवरचा मुडदा जागच्या जागी थरथरायला लागला.

म्हणजे मुडदा नव्हे, चित्र थरथरत होतं. जुन्या कॅसेटचं असंच असतं. थांबवली की पडद्यावर पांढरे पट्टे येतात आणि मधलं माणूस थंडी भरल्यासारखं कापत राहतं. पण लखनच्या केबलच्या खोलीत जमलेल्या तिघांचं भांडण नेमकं त्या कापण्यावरच अडलं होतं. मुडदा श्वास घेतो की नाही घेत?

मालिकेचं नाव ‘चौथी दस्तक’. दूरदर्शनवर ती पहिल्यांदा लागली तेव्हा सुरतेतल्या लिंबायतच्या आख्ख्या गल्लीत एखादाच टीव्ही असायचा. आता लखन सुट्टीच्या वारी दुपारी आपल्या केबलवर तिचे जुने भाग पुन्हा दाखवायचा आणि गल्ली ओस पडायची. कुणीतरी दारावर तीनदा ठोठावतं. मग थांबतं. ते थांबणं इतकं लांबतं की बघणारा आपल्याच दाराकडे वळून बघतो. मग चौथी थाप. की पुढच्या दृश्यात प्रेत!

“पोटाकडं बघा राव पोटाकडं,” रघुनाथ म्हणाला. “हललंय. मी काय सांगायलो इतक्या दिवसांपासून? मजूर होता तो. नाक्यावरनं धरून आणलेला.” रघुनाथ मूळचा परभणीकडचा, लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा. बिघडलेला लूम त्याच्या हाताखाली निमूट चालू व्हायचा. पण ‘चौथी दस्तक’चा विषय निघाला की गडी हातातला पानाही विसरायचा.

“मजूर नई, खरा मुडदा शे तो,” म्हातारा धुडकू म्हणाला. “बेवारशी. त्यासले भेटना, त्यासनी उचला. पोट नई हालत, तुन्ही कॅसेट हाली ऱ्हायनी.”

“बस ने, काका!” लखनला हसू आलं. त्याचा जन्म सुरतेतलाच, अर्धी जीभ गुजराती. “माझी कॅसेट ओरिजिनल छे.”

आता या तिघांना काय काय माहीत होतं म्हणता! मालिकेतलं धुकं धुकं नव्हतंच, ओला पेंढा आणि लोबान पेटवून धूर केलेला. थापांचा आवाज रिकाम्या बॉबिनच्या खोक्यावर लाकडी धोटा आपटून काढलेला. आणि मालिकेतला इन्स्पेक्टर म्हणे इतका भित्रा, की प्रेतावरची चादर उचलणारा हात कधी त्याचा नसायचाच. “अंगठी बघा ना, दर भागात वेगळी,” रघुनाथ शपथेवर सांगायचा. त्याच्या कारखान्यातल्या एकाच्या मेव्हण्याने शूटिंगच्या लायटीची गाडी चालवली होती. त्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

सगळ्यात जास्त वाद या घाटाच्या भागावर. कारण हा भाग इथलाच, तापीच्या काठावर होळीच्या सुमाराला घेतलेला. आणि कारण यात ती बाई होती.

“आता आवाज मोठा कर,” रघुनाथ हलक्या आवाजात म्हणाला. “बाई येऊ दे.”

“लखन,” दारातून कुणीतरी हाक मारली आणि तिघंही दचकले.

खाली राहणारी उषाबाई उभी होती. “आमचा टीव्ही खरखर करी ऱ्हायना रे.”

“वायर ढीली असेल, मावशी. बसो शांतीथी, आत्ता येतो.”

उषाबाई उंबऱ्याशी टेकली. टीव्हीला काही झालं नव्हतं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

मागच्याच आठवड्यात उज्ज्वलाने तिला हात धरून टीव्हीसमोर बसवलं होतं. “आई, ये ना, भुताच्या आवाजाचा भाग आहे!” उषाबाई हातातला धागा तोडत बसली. कारखान्यात कांड्या भरायच्या आणि घरी साड्यांचे धागे तोडायचे, यात तिची बारा वर्षं गेली होती. तिने मान वर केली तेव्हा पडद्यावर घाटाची पायरी होती. पायरीवर चादर टाकलेला माणूस. चेहऱ्याला चिखल, दाढी वाढलेली, आईनेही ओळखला नसता. पण चादरीबाहेर पाय होते. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. लूमचा लोखंडी रूळ पायावर पडला होता, तेव्हाचं. हळद तिनेच भरली होती त्यात. त्यानंतर पडद्यावर काय झालं, कोण ओरडलं, तिच्या कानांवर आलंच नाही.

तो शालिग्राम होता. तिचा नवरा. दिवाळीत पोरीसाठी फुलबाज्या आणतो म्हणून गेलेला, तो गेलाच.

त्या दिवसापासून उषाबाईच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हा माणूस खरंच मेलेला असेल, तर बिचारा येऊ शकला नाही. आणि जिवंत असेल, तर आला नाही. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक होता. बारा वर्षं ती कुंकू लावत होती ते कुणाच्या नावाचं, हे तिला कळायला हवं होतं. आणि लवकर कळायला हवं होतं. उज्ज्वलाचं लग्न ठरत होतं. कडोदऱ्याच्या मुलाकडचे लोक भले होते, पण त्यांनी स्पष्ट विचारलं होतं, पत्रिकेत बापाच्या नावामागे श्री. छापायचं की कै.? माणूस बारा वर्षं परतला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तेवढं उरकून टाका म्हणाले. दीर रामदास आज त्याच बोलण्यासाठी पारोळ्याहून यायचा होता.

“बरं का, मावशी,” रघुनाथला नवा श्रोता मिळाला होता. “या सीनमधी मागनं एक बाई ओरडती. स्टोरीत अशी बाईच नाही! शूटिंगवाल्यांनीबी कुणी बाई ठेवली नव्हती. नंतर आवाज तपासला तवा कळलं म्हनं. काढायला गेले तर निघंना.”

“घाटवरली शे ती,” धुडकू म्हणाला. “बुडायेल. तिना माणूस शोधत फिरस.”

“लावू?” लखनने विचारलं.

कारखाने बंद असले की लिंबायतला एक विचित्र शांतता येते. एरवी भिंती, भांडी, पाण्याचा माठ, सगळं लूमच्या धडधडीने सतत बारीक थरथरत असतं. ती थांबली की माणसाला आपल्याच कानात काहीतरी वाजल्यासारखं होतं. लखनने बटण दाबलं. धूर सरकला. पायऱ्या दिसल्या. नदीचं पाणी काळं होतं आणि हलत नव्हतं.

मग ती ओरडली.

लांबून, वाऱ्यावर तुटत आलेला आवाज. शब्द कळत नव्हते, नुसती हाक. गळा फाटेपर्यंत मारलेली. लखनच्या हातावर काटा आला. “बाप रे,” तो पुटपुटला. “दर टायमाला असंच होतं.”

उषाबाईने उंबऱ्याची कड धरली. तिला शब्द कळले होते. *अहो, उज्जूचे बाबा!*

तो आवाज तिचाच होता.

सगळं एकदम समोर आलं. त्या हिवाळ्यात ती दवाखाने, पोलिसचौक्या, रेल्वेचा फलाट, सगळीकडे भटकत होती. होळीच्या आसपास कुणीतरी म्हणालं, घाटावर एक मुडदा आहे, बघून ये. ती पोरीला शेजारी टाकून धावत सुटली. घाटावर ही गर्दी. तिने वरूनच हाक मारली. खाकी कपड्यातला एक पोलीस हसत हसत पुढे आला. “बाई, खोटा मुडदा है. शूटिंग है. मैं भी खोटा पोलीस हूँ. घर जाओ.” खोटा म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला होता. देवाचे आभार मानत ती पायीपायी घरी आली होती. चार पायऱ्या खाली उतरून बघायचंही तिला सुचलं नव्हतं.

“परत लाव,” ती म्हणाली.

तिघांनी माना वळवल्या. “मावशी पण फॅन झाली!” लखन हसला.

“परत लाव रे. हळू लाव.”

लखनने कॅसेट मागे नेली आणि हळू सोडली. हळू चालवल्यावर ती हाक जाड, घोगरी होऊन आली, जनावर रडावं तशी. रघुनाथ आणि धुडकू गुडघ्यांवर पुढे सरकून मुडद्याच्या पोटाकडे टक लावून बसले. उषाबाई पायांकडे बघत होती.

शालिग्राम दारू पीत नव्हता, मारत नव्हता. फक्त टाळायचा. रॉकेल संपलं, पोरीला ताप आहे, भाडं द्यायचंय, यातलं काही काढलं की डोळे मिटून घ्यायचा आणि झोपेचं सोंग करायचा. चेहरा अगदी हुबेहूब. पण डावा अंगठा हळूच शेजारच्या बोटावर चढायचा. खऱ्या झोपेत कधी नाही, खोट्या झोपेत हमखास. तरुणपणी तिला त्याचं हसू यायचं. “उठा आता, पुरे सोंग,” ती तो अंगठा चिमटीत धरून म्हणायची.

पडद्यावर हाक विरली. आणि चिरलेल्या नखाचा तो अंगठा, अगदी सावकाश, शेजारच्या बोटावर चढला.

मग पाय तसाच राहिला. चादर उचलणाऱ्या परक्या हातापर्यंत तसाच.

ऐकलं होतं त्याने. बायको वर उभी राहून गळा फाडत होती आणि हा खाली डोळे मिटून मेला होता. उषाबाईला रडू आलं नाही. तिला इतका संताप आला की समोरची काच फोडून तो अंगठा चिमटीत धरावासा वाटला. आणि त्याच वेळी, वेडीच म्हणायची, त्या उघड्या पायांना थंडी वाजत असेल असंही तिच्या मनात येऊन गेलं.

“हललं! पोट हललं!” रघुनाथने मांडीवर थाप मारली. “आता बोला काका!”

“काय हाललं? काय बी नई!”

“मावशीला विचारा,” लखन म्हणाला. “मावशीनं नीट बघितलं. सांगो, मावशी. जिवतो ने?”

उषाबाई भिंतीला धरून उठली. तिघं तिच्या तोंडाकडे बघत होते, पोरं निकालाकडे बघतात तशी.

“मेलेला शे,” ती म्हणाली.

“दखा!” धुडकू टाळी वाजवून ओरडला. रघुनाथ हिरमुसून पुन्हा कॅसेट मागे न्यायला सांगू लागला. उषाबाई जिना उतरली तेव्हा वरून ती हाक परत एकदा ऐकू आली.

घरात उज्ज्वला नव्हती. उषाबाई दार लोटून पाटावर बसून राहिली. दारावर थाप पडली. एक. दोन. तीन. मग थांबली.

ती उठली नाही. चौथी पडली तर दार उघडायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

“वहिनी, शे का घरमा?”

रामदास होता. प्रवासाने धुळकटलेला, हातात केळ्यांची फणी. तिने पाणी दिलं. पाणी पिऊन तो टोपीशी चाळा करत बोलू लागला.

“वहिनी, करानं तर अमावास्येले करी टाकू. पण एक सांगस. तुम्हना मनमा इतलासा बी संशय व्हई ना, तर ऱ्हाऊ द्या. जित्या माणूसना पुतळा जाळना तर त्यानं पाप लागस. आनी तिकडे त्याना जीव बी जास, आसं म्हंतस.”

“कोन म्हंतस?”

“बठाच म्हंतस, सगळा गाव.”

उषाबाईने फणीतलं एक केळं तोडलं, पुन्हा ठेवून दिलं. बाहेर पोरं ‘चौथी दस्तक’ खेळत होती. कुणीतरी मुडदा झालं होतं आणि बाकीची त्याला गुदगुल्या करत होती.

“संशय नई, भाऊ,” ती म्हणाली. “मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं त्याले. मेलेला.”

रामदासचा हात टोपीवरच थांबला. “कधळ? आनी बोलन्यात नई तुम्ही?”

“आज बोलनू ना.”

तिच्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे, पण त्याने पुढे विचारलं नाही.

अमावास्येला सकाळी ती सगळी घाटावर गेली. उषाबाई त्या दिवसानंतर इथे कधी आली नव्हती. पायऱ्या त्याच होत्या. ज्या पायरीवरून हाक मारली ती तिने ओळखली आणि या खेपेला थेट खाली उतरली.

गुरुजींनी दर्भाचा पुतळा बांधला. डोक्याच्या जागी नारळ, अंगावर पांढरं कापड. उज्ज्वला बघताच हमसून रडू लागली. तिला बाप नीट आठवतही नव्हता, तरी रडू लागली. तिला जवळ घेऊन उषाबाई उभी राहिली. कपाळ मघाशीच पुसलं होतं. वर्षानुवर्षं झाकलेल्या जागेची कातडी फिकट निघाली होती आणि तिथे वारा लागत होता.

नदीवरून झुळूक आली, तसं पुतळ्यावरचं कापड मधोमध थोडं वर उचललं गेलं आणि खाली बसलं. पुन्हा वर उचललं गेलं. रामदासने ते पाहिलं. पलिता धरलेला त्याचा हात खाली आला.

“वहिनी...”

“वारा शे,” उषाबाई म्हणाली.

ती पुढे झाली. कापडाबाहेर पायांच्या जागी दर्भाच्या दोन जुड्या बाहेर आल्या होत्या. डाव्या जुडीतली एक जाड काडी सुटून शेजारच्या काडीवर चढली होती. उषाबाई वाकली. ती काडी तिने अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली, क्षणभर तशीच धरून ठेवली. मग हलक्या हाताने सरळ केली, कापड ओढून पाय नीट झाकले आणि बाजूला झाली.

“हां, भाऊ,” ती म्हणाली. “द्या आता.”