ढाल परत

१९९६ सालची गोष्ट. बंगळूरमध्ये यशवंतपूरला एका अमेरिकन कंपनीचा मीटर बनवायचा कारखाना होता. वसुमती तिथं पर्सोनेल ऑफिसर. तिचे साहेब सुधींद्र नात्यातलेच, बंगळूरच्या जुन्या मराठी घरातले. ती त्यांना अण्णा म्हणायची.

त्या वर्षी हेड ऑफिसनं सगळ्या देशांतल्या शाखांना एकच धोरण लावलं: वंश, लिंग, अपंगत्व यांवरून कुणाला डावलायचं नाही. गोरे नसलेले लोक किती, तेही मोजलं. बंगळूरला सगळेच ‘एशियन’, म्हणून शाखेचा पहिला नंबर आला! ढाल द्यायला शिकागोहून लिंडा नावाच्या बाई येणार होत्या.

त्याच आठवड्यात सुधींद्रनी पद्मावतीला नकार कळवायला सांगितलं. लॅबमधल्या नोकरीसाठी घेतलेल्या परीक्षेत पहिली आलेली मुलगी. पोलिओमुळे कुबडी घेऊन चालायची.

“लॅब वरच्या मजल्यावर आहे. जिना कशी चढेल ती?”

“पण अण्णा, धोरण?”

“ते अमेरिकेसाठी गं. इथं स्वल्प सांभाळून घ्यायचं असतं. नकार कळव.”

“मी नाही कळवणार.”

“सरी, ठीक आहे, मी कळवतो. तू समारंभात हसून ढाल घे, झालं.”

समारंभ कॅंटीनमध्ये झाला. लिंडाबाईंनी ढाल पुढे केली. वसुमतीनं हात मागेच ठेवले.

“माफ करा, ही आम्ही कमावलेली नाही,” ती इंग्रजीत म्हणाली आणि पद्मावतीची हकिकत सांगून टाकली.

लिंडाबाईंनी सुधींद्रकडे पाहिलं. “लॅब खाली आणता येणार नाही?”

“मशीनं जड आहेत, मॅडम.”

“क्रेन आणून वर चढवली ना ती?” वसुमती म्हणाली. “मशीनला जिना चढता येत नाही, म्हणून कुणी त्याला नकार नाही दिला.”

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. लिंडाबाई ढाल घेऊनच परत गेल्या.

पावसाळ्याआधी एक टेस्टिंग टेबल खालच्या मजल्यावर आलं आणि पद्मावती कामाला लागली. वसुमतीची बदली शहराबाहेर होसकोट्याच्या गोदामात झाली. नात्यातल्या मुंजीत सुधींद्रनी तिला गाठलं.

“एकदा माफी माग. बदली रद्द करतो.”

“कशाबद्दल, अण्णा?”

सुधींद्र पाहुण्यांकडे वळले. वसुमती पंगतीत जाऊन बसली आणि तिनं पोटभर जेवून घेतलं.