नऊ अधिक चार

मुलांनो, समोर पृथ्वीचा गोल आहे असं समजा. दोऱ्याचं एक टोक आपल्या शहरावर धरा, दुसरं पार लांबच्या एखाद्या शहरावर. दोरा साडेसात हजार किलोमीटर भरला. विमान ताशी साडेआठशे जातं, म्हणजे प्रवास जवळजवळ नऊ तासांचा. पण घड्याळं वेगळी. इथे दुपारचे बारा, तेव्हा तिथे सकाळचे आठ. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची छापतात आणि पोहोचायची पोहोचायच्या गावची. एवढं पक्कं लक्षात ठेवा.

चिमीला हे दहाव्या वर्षीच पाठ होतं. शाळा सुटली की ती आईच्या तिकीट-कचेरीत येऊन गृहपाठ करी. त्या दुपारी तिथे मामा आले. मामा गणिताचे मास्तर; त्यांची लेक त्या लांबच्या शहरात राहायची.

"लेकीचं ऑपरेशन आहे गं, उद्या नऊला, तिकडच्या. जाम घाबरलीय. भूल द्यायच्या आत तिला दिसलो पाहिजे."

"बसा," आई म्हणाली. एरवी ती त्यांना 'दादा, तू' म्हणे.

सहा वर्षांपूर्वी आई त्याच लांबच्या शहरात नोकरीला होती. इकडे आजी पहाटे गेली. आईने फोन केला, "दादा, रात्री नऊला उतरते. दहापर्यंत थांबा रे!" मास्तरांनी जमलेल्यांना समजावलं, "नऊ तिकडचे. अधिक चार. रात्रीचा एक! तोवर कोण थांबणार?" आई दहाला दारात आली, तेव्हा आजीला नेऊन माणसं परतलीसुद्धा होती. लादी धुऊन वाळली होती. मास्तर म्हणाले, "अरे, विमान लवकर आलं वाटतं!"

आईने त्यांना चूक दाखवली नाही. जपून ठेवली.

"थेट विमान आहे ना संध्याकाळी?" मामांनी विचारलं.

"भरलंय."

पडद्यावर अकरा जागा रिकाम्या होत्या. चिमीला दिसत होत्या.

"हे आहे, रात्री आठचं. दोनदा बदलायचं. पोहोचायची वेळ दुपारी बारा."

मामांनी बोटं मोजली. "बारा इकडचे. वजा चार. सकाळचे आठ! मग काय, तासभर हातात आहे की."

"गणितात तुमचा हात कोण धरणार?"

"आई, पण बारा तर तिकड—"

"चिमे, गृहपाठ."

आई ओरडली नाही. पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखी ती शांत दिसत होती. चिमीने आईचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

"तुझे उपकार कसे फेडू गं?" मामांचा आवाज ओला झाला. "मला वाटायचं, त्या वेळचा राग तू मनात धरून असशील."

"छे! कधीच विसरले."

यंत्रातून तिकीट सरसरत बाहेर आलं. मामांनी त्याची घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात दाबून धरला. आईने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

चिमी वही उघडी टाकून उठली, मामांच्या आधी दाराशी पोहोचली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.