काबऱ्याच्या गोठ्यातलं अंथरूण

मी काबरा सांड. केळापूरकडच्या एका तांड्यावर हंसाबाईच्या गोठ्यात बांधलेला. बोलायला लागलोय तर नीट ऐका, मधे खोकू नका.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या साली मी जन्मलो. माझ्या बापजाद्यांनी या तांड्याच्या लोकांचं मीठ-धान्य पाठीवर वाहिलं. माझे भाऊ ठेचून, बैल करून औताला जुंपले. मला हंसाबाईने छाती पाहून तसाच ठेवला. म्हातारी जनावराची पक्की पारखी. गाय हंबरू लागली, चारा सोडला, की अख्खा तांडा तिलाच बोलवायचा. ती गायीची शेपटी उचलायची. चिकट पाण्याची काचेसारखी लांब तार दिसली की म्हणायची, आजच सांड दाखवा. तिचा शब्द क्वचितच वाया जायचा. माझी मेहनतही.

पण माणसाची जात मोठी अडाणी. हंसाबाईचा पोरगा बाबूसिंग, त्याची बायको रुपीबाई. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. पाळी झाली की काही दिवस ती घरात निजायची. मग सासू तिचे कपडे पाहायची आणि तोंड वाकडं करायची. म्हणे धुपणी लागली, अंगावरून जातंय, आजार आहे. मग कडुनिंबाच्या सालीचा काढा, सुनेचं अंथरूण माझ्या गोठ्यात आणि बाबूसिंग रात्रभर वावरात जागलीला, डुकरं राखायला. अंगावरचं सुकलं की दोघं परत घरात. दर महिन्याला हेच. पोर माझ्या गव्हाणीशी पडून मुकाट रडायची.

शेवटी हंसाबाईने ठरवलं, होळी झाली की उमरखेडकडून दुसरी सून आणायची. बाबूसिंगने मान हलवली. ठेचलेला बैलही याहून मोठ्याने हंबरतो.

अन् मग ती संध्याकाळ आली. घरची कालवड मोरनी माजावर आली होती. मी दावं ओढून राह्यलो, जमीन उकरून राह्यलो. रुपीबाई मोरनीला धरून उभी. सासूने शेपटी उचलली. तार पार जमिनीपर्यंत लोंबत होती.

"पाह्य, तार कशी साफ हाय. सोड काबऱ्याले," म्हातारी म्हणाली.

रुपीबाई हलली नाही. सासूला ती आईसारखं याडीच म्हणायची.

"याडी, हे आजारी हाय का?"

"आजारी कायले राहीन? फळाले आली ते."

"मंग मलेबी हेच येते. अशीच साफ, बोटाले ताणली तं तुटत नाही. अन् नेमकं तवाच तुमी मले गोठ्यात टाकता."

काय सांगू तुम्हाला! जन्मात पहिल्यांदा मी समोरची कालवड विसरलो.

हंसाबाईने त्या तारेकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. हात लुगड्याला पुसला.

"अशी तार आता हाय का?"

"कालपासून."

म्हातारीने काढ्याचं गाडगं उचललं आणि उकिरड्यावर पालथं केलं. बाबूसिंग घोंगडी घेऊन वावराकडे निघालाच होता. त्याच्या खांद्यावरची घोंगडी ओढून घेतली.

"जागलीले मी जाईन. तू घरी मर."

तांडा हसून लोळला. म्हातारी गोफण घेऊन खरोखरच डुकरं हाकायला गेली. उमरखेडला निरोप धाडला, आमची होळी पुढच्या साली.

लगेच काही झालं नाही. जनावरही कधी गाभण न राहता उलटतं. पण आता रुपीबाई स्वतःच ओळखायची, कोरडं कधी, ओलसर कधी, तार कधी. तिने नुसतं सासूकडे पाहिलं की म्हातारी गोफण शोधायची.

पोळ्याला मला सजवताना माझ्या अंगाच्या वासाने रुपीबाईला ओकारी आली. इतका मान मला झुलीनेही दिला नव्हता!

पोरगी झाली. हंसाबाईने घुगऱ्यांचं पहिलं टोपलं माझ्यापुढे ठेवलं, माणसांच्या आधी.

आता माझे दात गेले, गुडघे गेले. रुपीबाईचं अंथरूण पडायचं त्या कोपऱ्यात मी बसतो. ऊन लागतं, माश्या चावतात, तरी हलत नाही. मला तिथून उठवू नका. जागा मोकळी दिसली, तर उद्या कोण्या सुनेचं अंथरूण पुन्हा तिथे येईल.