पुष्करचं कारलं

कर्वेनगरच्या त्या मंगल कार्यालयात चपला ठेवायला जागा उरली नव्हती. दिवे मालवले, धूप पेटला आणि समईमागच्या पडद्याआडून मेलेली माणसं बोलू लागली. श्रीगुरू शब्दानंदांचा दरबार! स्वर्गाला रेंज मिळते म्हटल्यावर पुणेकरसुद्धा वेळेआधी हजर होते.

पहिल्या रांगेत यज्ञेश्वरराव हात जोडून बसले होते. शेजारी त्यांची बायको मंदाकिनीबाई, हात न जोडता. त्यांचा एकुलता एक पुष्कर नुकताच अपघातात गेला होता. दहाव्याला कावळा पिंडाला शिवलाच नाही, शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. तेव्हापासून "त्याची इच्छा राहिली" हेच यज्ञेश्वररावांच्या डोक्यात बसलं होतं. शब्दानंदांनी नेमकं तेच हेरलं होतं.

मंदाकिनीबाई कॉलेजात मुलांना खोट्या बातम्या आणि बनावट व्हिडिओ ओळखायला शिकवायच्या. घरात मात्र त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

"आई..."

आवाज पुष्करचाच. सगळं कळत असूनही मंदाकिनीबाईंना वाटलं, बोलू दे अजून थोडं.

"बाबा, राहतं घर आश्रमाला देऊन टाका, मी सुटेन. आई, तुझी कारल्याची भाजी अजून आठवते गं."

मंदाकिनीबाई उठल्या. "दिवे लावा."

"माताजी, आत्म्याला क्लेश होतात!" शब्दानंद गरजले.

"आत्म्याला नाही, तुम्हाला होतील. अहो, पुष्करनं कधी कारलं खाल्लं होतं?"

"वासानंच उठून जायचा," यज्ञेश्वरराव पुटपुटले.

"सोसायटीच्या श्रद्धांजलीच्या ग्रुपवर ते खोटं मीच लिहिलं, परवा. कावळ्याचंही आपण तिथंच लिहिलं होतं, पुष्करच्या भाषणांचे व्हिडिओही तिथंच टाकले. स्वर्गात आमचा ग्रुप वाचतात वाटतं!"

त्यांनी मोबाइल माइकपाशी धरला. शब्दानंदांचा धीरगंभीर आवाज घुमला, "भक्तहो, मी लबाड आहे."

"हे मी बोललोच नाही!" शब्दानंद किंचाळले.

"बरोबर. पुष्करही बोलला नाही. तुमचं प्रवचन माझ्या विद्यार्थ्यांनी संगणकाला ऐकवलं आणि हे वाक्य टाइप केलं. तुमचाही उद्योग हाच."

कुणीतरी पडदा ओढला. मागे लॅपटॉप आणि स्पीकर होता.

"आवाज ओळखीचा म्हणून बोलणारा ओळखीचा नसतो," मंदाकिनीबाई लोकांकडे वळल्या. "याला हे कळलं कुठून, एवढं विचारा. दुःखात तर आधी विचारा, कारण तेव्हाच विचारायचं राहून जातं."

परतताना रिक्षात यज्ञेश्वरराव हळूच म्हणाले, "तुला येतं ना ते? एकदाच 'बाबा' म्हणायला लाव त्याला."

"येतं," मंदाकिनीबाईंना रडू आवरेना. "पण ते यंत्र म्हणेल, तो म्हणणार नाही हो."