तीन नंबरवर तीनशे फूट

अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या एका जत्रेत दर ऑगस्टला पिकअप ट्रक वजन ओढतात, आणि ज्याचा धूर जास्त काळा त्याची छाती जास्त फुगते. हाल्वर ट्वेटनची तर जन्मभर फुगलेलीच होती. यंदा त्र्याऐंशीव्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला, परवाना गेला, तेव्हा म्हाताऱ्याने फर्मान काढलं: दोन्ही पोरांनी माझाच ट्रक चालवून वजन ओढायचं. जो लांब नेईल, ट्रक त्याचा.

मुलगा ऑर्लिन जिंकताच ट्रक विकणार होता. गिऱ्हाईक ठरवूनच आला होता. मुलगी आर्डिस बावन्न वर्षांची. त्या इंजिनाची सगळी दुखणीखुपणी वीस वर्षं तिनेच काढलेली. तो ट्रक परक्याच्या दारात उभा राहणार, या विचारानेच तिचं डोकं फिरायचं. पण आपण हरू, असं तिला एकदाही वाटलं नाही.

वसंतात तिने पदरमोड करून ट्रकला ट्यूनर बसवला होता. तळहाताएवढी डबी, स्टिअरिंगखाली जोडलेली. इंजिनात डिझेल किती आणि केव्हा सोडायचं, ते ती डबी ठरवते. एक ते पाच आकडे. आकडा चढला की जोर चढतो.

"ऑर्लिन, पाचवर लावू नकोस," तिने बजावलं. "चाकं जागच्या जागी फिरतील."

"अगं, पाच काय शोभेला दिलेत? तू लाव एकवर आणि स्वेटर विणत बस."

"बरं बाबा. सांगायचं काम केलं."

मागे जोडायची लोखंडी घसरगाडी भारी लबाड. सुरुवातीला हलकी लागते. मग तिच्यावरचं वजन पुढे सरकत जातं, तिचं नाक मातीत रुततं आणि भल्याभल्यांचा दम निघतो. तीनशे फूट गाठले की मैदान मारलं.

ऑर्लिनने पाचवर लावून पॅडल तळाला नेलं. काळाकुट्ट धूर उठला, बाकांवरची माणसं उभी राहिली, हाल्वरने टोपी उडवली. चाकांनी माती उधळली, ट्रक थयथय नाचला आणि दोनशे अठ्ठेचाळीस फुटांवर रुतला. तरी त्या दुपारी तोवर एवढं कुणालाच जमलं नव्हतं.

मग आर्डिस बसली. आकडा तीनवर आणून तिने हलक्या पायाने सुरुवात केली. धूर नाही, नाच नाही.

"आर्डिस, चालू तरी केलास का गं?" बाकांवरून कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

"अगं दाब की!" हा तर बापाचाच आवाज. "नाक कापतेस का माझं?"

ते तिला लागलं, चांगलंच लागलं. पण पाय हलला नाही. इंजिनाने ओझं अंगावर घेतलं, टर्बोची शिट्टी चढत गेली, तसतसा तिने पायही दाबत नेला. चाकं मातीला धरून राहिली. दोनशे. अडीचशे. तीनशेला झेंडेवाला हातातला झेंडा नाचवत धावत सुटला, तेव्हा कुठे लोकांना ओरडायचं सुचलं.

हाल्वर काठी टेकत आला. "धूर कुठे गेला?"

"आतच जळला, बाबा. बाहेर दिसतं ते वाया गेलेलं डिझेल."

"म्हणजे इतकी वर्षं मी..."

"हो," आर्डिस म्हणाली. बापाची दया आली, पण खोटं बोलली नाही.

"चला, गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवतो," ऑर्लिनने हात वर केले. "बाबा, आपण दोघांनी मिळून आभाळ तेवढं काळं केलं!"

सवयीने हाल्वर चालकाच्या दाराशी गेला. आत आर्डिस होती. तो क्षणभर तिथेच उभा राहिला. मग बॉनेटला हात लावत लावत वळसा घालून पलीकडे गेला, दार उघडून कण्हत चढला आणि सीटच्या कडेला बराच वेळ चाचपडत राहिला.

"या बाजूचा पट्टा कुठे असतो गं?"